माझ्या पोरीला एक दाखला द्या, साहेब

भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर माझी बायको वाचते, मी नाही. उलट मी तिला चिडवत आलोय, "असलं वाचतेस आणि मग पाणी प्यायला मला सोबत नेतेस!" आज मीच इथे लिहायला बसलोय म्हटल्यावर तिने आधी चहा केला. कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. कशाबद्दल लिहितोय ते तिला माहीत आहे.

मी अग्निशमन दलात अधिकारी आहे. नाशिकरोडला वाढलो. घर बौद्ध, वडील सरकारी क्लार्क. भूत, करणी, उतारा हे शब्द आमच्या घरात फक्त चेष्टेत यायचे. वडील म्हणायचे, "जे घडतं त्याला कारण असतं. सापडत नसेल तर तू नीट शोधलं नाहीस." पुढे मी ज्या नोकरीत आलो, तिथे तर हे वाक्य म्हणजेच काम!

लोकांना वाटतं, फायर ऑफिसर म्हणजे बंब घेऊन धावणारा माणूस. धावतो आम्ही. पण त्याहून जास्त वेळ दुसऱ्याच कामांत जातो. हॉस्पिटलचे जिने मोकळे आहेत का बघायचं, मंगल कार्यालयाला ना-हरकत दाखला द्यायचा की अडवायचा ते ठरवायचं, शाळांत जाऊन पोरांना शिकवायचं की धूर झाला तर ओलं कापड नाकाला लावून खाली वाकून चाला. संक्रांतीला मांज्यात अडकलेले पक्षी सोडवायचे, पावसाळ्यात गोदावरीतून माणसं काढायची... जिवंत, आणि नसलेलीही. आणि प्रत्येक आग विझल्यावर, सगळे पांगल्यावर, अधिकाऱ्याने त्या राखेत उभं राहून एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं — कशाने लागली?

हे उत्तर मला कायम मिळत आलं. आग खोटं बोलत नाही. भिंतीवरचा काळा डाग खालून वर कसा पसरलाय ते बघा, सर्वांत जास्त काय जळलंय ते बघा, ती स्वतःच सांगते मी कुठून निघाले. वायर, शेगडी, विडी, समई, माणसाचा हात... काहीतरी असतंच.

असं मी छातीठोकपणे सांगायचो. करोनानंतरच्या त्या उन्हाळ्यापर्यंत.

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत एक वस्ती आहे. नेमकी जागा सांगत नाही, नावंही बदललीत. तिथून सकाळी वर्दी आली — घरात कपडे पेटलेत. पोहोचेपर्यंत आग विझलीही होती. स्लॅबचं साधं घर. पुढे खोली, मागे स्वयंपाकघर, दारात ओटा. घरात तीनच माणसं. किरण, कंत्राटदाराकडे वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकवर कामाला. त्याची आई. आणि बायको वैशाली, माहेर मालेगावचं, लग्नाला दोनेक वर्षं झालेली.

दोरीवरची साडी अर्धी जळाली होती. ती वैशालीने हातांनी ओढून विझवली होती. तिचे तळवे लाल झाले होते. सासू कोपऱ्यात बसून पुटपुटत होती.

"मावशी, काय झालं?" मी विचारलं.

"काय व्हायचं साहेब? आता रोजचंच झालंय. परवा उशी, त्याच्या आधी किरणचा शर्ट. आपोआप पेटतंय."

"आपोआप काही पेटत नसतं, मावशी."

"लय लोक म्हणले असं. तुम्ही बघा ना मग."

बघितलं. दोरीजवळ वायर नाही, देव्हारा दुसऱ्या खोलीत, उदबत्ती नाही. साडी खालून जळाली नव्हती, काठालाही नाही... मधोमध, घडीच्या आतून जळाली होती. मी मनात म्हटलं, माणसाचा हात. अशा गोष्टी मी ऐकून होतो. जिला लोक भानामती म्हणतात, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा त्याच घरातलं एखादं गांजलेलं माणूस असतं. बोलता येत नाही म्हणून काडी ओढतं.

माझ्याबरोबर आमचा फायरमन बोरसे होता. त्याला मी सासूशी बोलत ठेवलं आणि वैशालीला ओट्यावर बोलावलं.

"ताई, तुला इथे काही त्रास आहे का? मी पोलीस नाही. मला सांगितलंस तर तुझं नाव कुठे येऊ देणार नाही."

तिने भाजलेले तळवे माझ्यासमोर धरले. मग म्हणाली, "त्रास आहे, साहेब. खोटं कशाला बोलू? पण काडी मी नाही लावली."

तिने ज्या आवाजात ते सांगितलं, त्यावर माझा विश्वास बसला. पण माझ्या विश्वासाने काय होणार होतं? बोरसेने बाहेर आल्यावर सांगितलं, घरच्यांनी एका भगताला आणलं होतं आणि तो म्हणाला होता, सगळं सुनेच्या अंगावरून आलंय. "साहेब, हे तिला घालवणार," बोरसे म्हणाला.

तेव्हा मी ठरवलं, हे आपण निकालात काढायचं. खरा माणूस पकडायचा, किंवा खरं कारण. मला वाटलं, हेच तर माझं काम आहे!

दोन दिवसांनी सुट्टी होती. दुपारी बोरसेला घेऊन साध्या कपड्यांत गेलो. किरणही घरी होता. म्हटलं, "आज मी सांगतो तसं करायचं." मेन स्विच बंद केला. सिलेंडर बाहेर काढून ओट्याच्या कडेला ठेवला. घरातल्या सगळ्या काडेपेट्या, किरणचा लायटर, देवाजवळचं तेल... सगळं पिशवीत भरून माझ्या गाडीच्या डिकीत टाकलं. पुढची खोली रिकामी केली. फक्त लोखंडी खाट आणि तिच्यावरची चादर राहू दिली. आणि त्या चादरीवर मी माझा नॅपकीन ठेवला. सकाळी घरून आणलेला, बायकोने धुऊन घडी घातलेला. म्हणजे कोणी आधी कशाला काही लावून ठेवलं असेल, तर तोही प्रश्न नको.

दाराला बाहेरून कडी घातली. मागच्या दाराशी बोरसे. ऊन घराच्या पाठीमागे गेलेलं, खिडकीतून आत सावलीच होती. बाकी आम्ही सगळे पुढच्या ओट्यावर बसलो. वैशाली माझ्या शेजारी, पदर सावरून, भाजलेले हात मांडीवर उपडे ठेवून. मी खिडकीच्या काचेतून खाटेकडे बघत होतो.

बराच वेळ काही झालं नाही. किरण मोबाईल बघत होता. सासू म्हणाली, "साहेब बसल्यावर कशाला पेटंल?" मला हसू आलं... आणि तेव्हाच नॅपकीनच्या मध्यावर एक तपकिरी ठिपका दिसला.

आधी वाटलं, डोळ्यांवर ताण आलाय. मग तो ठिपका पसरला. इस्त्री विसरून राहिली तर कापड जसं करपत जातं, तसा. कडा काळ्या झाल्या. मध्ये भोक पडलं आणि त्या भोकातून बोटभर ज्योत उभी राहिली. शांत. फडफड नाही, आवाज नाही.

मी आयुष्यभर आगी बघितल्यात. पण मी उठलो नाही. उठायचं असतं हेच सुचलं नाही. बोरसेने मागून हाक मारली, "साहेब, वास येतोय!" तेव्हा भानावर आलो, कडी काढली, आत धावलो. नॅपकीनची राख झाली होती. आणि त्याच्या खालची चादर... पांढरी होती. साधी पिवळीही पडली नव्हती. हात लावला तर गार!

त्या क्षणी मला भीती वाटली नाही, हे सांगितलं तर पटेल का? मला आनंद झाला. डोक्यात एकच आलं, ती पोरगी सुटली! मी बाहेर येऊन मोठ्याने म्हणालो, "बघितलंत ना सगळ्यांनी? वैशाली इथे माझ्या शेजारी होती. आतमध्ये कोणी नव्हतं. हिने काहीही केलेलं नाही!"

वैशालीने माझ्याकडे बघितलं. त्या घरात पहिल्यांदाच कोणी तिच्या बाजूने बोललं असावं. तिचे डोळे भरून आले.

सासू सावकाश उठली. म्हणाली, "तेच तर म्हणतोय ना आम्ही, साहेब. हिला हात पण लावावा लागत नाय."

मला काही क्षण अर्थच कळला नाही. मग किरण म्हणाला, "आता तर फायरवाल्या साहेबांनी पण बघितलं." तो रागाने नाही बोलला. त्याला जणू सुटल्यासारखं वाटलं होतं. वैशालीच्या चेहऱ्यावरचं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत विझलं. पदराचं टोक तोंडाला लावून ती आत निघून गेली.

"मावशी, असं नसतं," मी म्हणालो. "वायरिंगमध्ये काहीतरी दोष असेल —"

"मेन तर तुम्हीच बंद केला, साहेब."

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत झालं, फायर ब्रिगेडच्या साहेबांनी स्वतः बघितलं, हात न लावता पेटवते. भगत बोलला त्यावर चार लोकांनी विश्वास ठेवला नसता. माझ्यावर सगळ्यांनी ठेवला. तिला वाचवायला गेलेलो मी तिच्याविरुद्धचा साक्षीदार झालो.

मी स्वस्थ बसलो नाही. राहिलेली राख डबीत भरून केमिस्ट्री शिकवणाऱ्या मित्राकडे नेली. फॉस्फरस, अमुक ॲसिड, तमुक पावडर... सगळं तपासून तो म्हणाला, "सुती कापडाची राख आहे, बस." पोलीस ठाण्यात गेलो, जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे म्हटलं. ते म्हणाले, तक्रार कोणाची? किरणच्या घरी गेलो तर त्याची आई शांतपणे म्हणाली, "आम्ही मारलं का तिला? उपाशी ठेवलं? माहेरी पाठवली फक्त. घर जळायची वाट बघायची का, साहेब? तुम्हीच सांगा."

वैशाली एका बॅगेनिशी मालेगावच्या एसटीत बसली होती.

आणि त्या दिवसापासून त्या घरात काहीही पेटलं नाही. एक दोरासुद्धा नाही.

त्या घराच्या अहवालात कारण म्हणून मी "अज्ञात" लिहिलं. नोकरीत पहिल्यांदा.

हिवाळा सुरू झाला होता. एका सकाळी स्टेशनवर एक माणूस आला. माझ्याच वयाचा, हातात कापडी पिशवी. पार्क केलेल्या बंबांकडे बघत तो दारातच उभा राहिला. आत बोलावलं तेव्हा कळलं, वैशालीचा बाप. मालेगावला पॉवरलूमवर फिटर. यंत्रमागांच्या शेडला लागूनच शेठने दिलेली खोली, त्यात हा, बायको, मुलगा, सून, नात, आणि आता वैशाली.

"साहेब, बातमी तिथंपर्यंत आली," तो अहिराणी वळणाने म्हणाला. "एकलहऱ्याचा कोणी ट्रकवाला आला व्हता, त्यानी सांगितलं. आता शेठ म्हणतो, माझ्या शेडमध्ये सगळा सूत न् कपडा शे. पोर ठेवायची आसल तर खोली सोडा."

"तिथे काही पेटलं का?"

"काहीच नही! एक काडी नही पेटली. मन्ही पोर काय रॉकेल शे का, साहेब?" मग हात जोडून म्हणाला, "तुम्ही बिल्डिंगला देता ना, धोका नही आसा दाखला? शेठ म्हणतो, फायरवाल्याचा कागद आण. तसा एक माझ्या पोरीला द्या."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. "दादा, माणसाला असा दाखला नसतो हो."

"एवढ्या बिल्डिंगींना देता... एक तिला द्या, साहेब. मी परत नही येणार मागायला."

मालेगाव माझ्या हद्दीत नाही, असला दाखला कुठल्या नियमात नाही, हे सगळं मला कळत होतं. तरी रविवारी साध्या कागदावर हाताने लिहिलं, या मुलीपासून कोणालाही आगीचा धोका नाही. खाली नाव, हुद्दा, सही. आणि मीच घेऊन गेलो, आग्रा हायवेने. चांदवडचा घाट उतरताना मला बरं वाटत होतं. काहीतरी करतोय असं वाटत होतं.

शेडजवळ मागांचा खडखडाट इतका की ओरडून बोलावं लागत होतं. शेठ वाईट माणूस नव्हता. खुर्ची दिली, चहा सांगितला, कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "साहब, आपने लिखा खतरा नहीं. मान लिया. तो फिर आग लगी किससे थी, बस इतना और लिख दो."

मी पेन हातात घेतलं. खरंच घेतलं. आणि तसाच बसून राहिलो.

"मेरी भी मजबूरी समझो, साहब," तो हळू आवाजात म्हणाला आणि कागद घडी करून माझ्यासमोर सरकवला.

वैशाली मागच्या मोकळ्या जागेत भिंतीलगत दगडावर बसली होती, खोलीपासून लांब. शेजारी पाण्याने भरलेली बादली आणि वाळूचा डबा. भावजयीने ठेवलेला. तिला चुलीजवळ येऊ देत नव्हते, कपड्यांच्या घड्या घालू देत नव्हते. ताट बाहेर आणून द्यायचे. ती फार वाळली होती. तळवे मात्र बरे झाले होते.

"साहेब, तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात?"

मी कागदाचं सांगितलं नाही. म्हटलं, "सहज. ताई, तू मनाला लावून घेऊ नकोस. तू काही केलेलं नाहीस. मी तिथे होतो."

"तुम्ही खाटेकडे बघत होता ना?"

"हो."

"मग माझ्याकडे कोण बघत होतं?"

तिच्या भावाची चिमुरडी मुलगी धावत आमच्याकडे येऊ लागली. वैशाली झटकन उठली आणि मागे सरकली, दोन्ही हात पाठीमागे लपवून. आतून भावजयीने पोरीला हाक मारून परत बोलावलं. वैशाली पुन्हा बसली.

"आधी मी भांडायचे सगळ्यांशी," ती म्हणाली. "आता मलाच वाटतं, साहेब... मीच असेन."

"नाही, ताई. तू नाहीस."

"मग कोण?"

मागांचा खडखडाट चालूच होता. मी काय सांगणार होतो? ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक आगीपुढे उभं राहून हेच उत्तर दिलं, त्याच्याकडे या एका पोरीसाठी ते नव्हतं. खोटं एक कारण बनवून द्यावं असंही मनात आलं. पण ती मूर्ख नव्हती. तिने सगळं माझ्यापेक्षा जवळून बघितलं होतं.

बापाने शेवटी खोली वाचवली. म्हणजे वैशालीला सटाण्याकडे एका म्हाताऱ्या आत्याच्या मळ्यात ठेवलं. आत्याला नीट दिसत नाही, कोणी काही सांगितलेलंही नाही. किरणने काडीमोडाचे कागद पाठवलेत. त्याला दुसरी मुलगी बघणं चालू आहे असं बोरसे सांगतो.

हे लिहिल्यावर तुम्ही लोक कारणं सुचवाल, मला माहीत आहे. खिडकीच्या काचेने ऊन एकवटलं असेल — सांगितलं ना, आत सावली होती. नॅपकीनला काही लागलं असेल — माझ्या घरून? स्टॅटिक, गरम स्लॅब, तेलकट कापड... मी सगळं केलंय. तसाच नॅपकीन घेऊन, पुढच्या उन्हाळ्यात, त्याच वेळेला. काही होत नाही. शास्त्रात कारण असेल तर ते मला सापडलेलं नाही आणि शास्त्राबाहेरच्या कारणावर माझा आजही विश्वास बसत नाही. मी अधांतरी आहे. माझ्यामुळे नव्हे, पण माझ्या डोळ्यांमुळे एका मुलीचं घर गेलं, एवढंच मला नक्की माहीत आहे.

मागच्या आठवड्यात तिच्या बापाचा मळ्यातून फोन आला. म्हणाला, "साहेब, तुम्ही जरा बोला तिच्याशी. या थंडीत गोधडी भिजवून, ओली पांघरून झोपते. अंगात ताप शे. कोणाचं ऐकत नही. तुमचं ऐकंल."

त्याने फोन तिच्याकडे दिला. मी म्हटलं, "वैशाली, असं करू नकोस. कोरडं पांघर. काही होणार नाही."

"आत्याला दिसत नाही, साहेब. पेटलं तर तिला कळणार नाही." मग थोडं थांबून तिने विचारलं, "तुम्ही शंभर टक्के सांगता का?"

मी हो म्हणायला हवं होतं. एक शब्द होता. पण ज्या नोकरीत "शंभर टक्के" हा शब्द कधी कोणाला द्यायचा नसतो, त्यात माझं आयुष्य गेलंय. आणि मी तो ठिपका पसरताना बघितलाय. माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही.

तिने वाट बघितली. मग म्हणाली, "असू द्या, साहेब. मला सवय झालीय ओल्याची."